हेडफोन लावला तरी खालच्यांना धबधब ऐकू जाते का?

प्रश्न: मी दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि वाजवायला वेळ मिळतो तो रात्रीच, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक ड्रम घ्यायचं ठरवलंय. एका किटला रबरचे पॅड आहेत पण साउंड भरपूर, दुसऱ्याला जाळीचे म्हणजे मेश हेड आहेत पण साउंड कमी. कुठलं घेऊ? आणि हेडफोन लावला की बाहेर काहीच ऐकू जात नाही म्हणतात, ते खरं का?

उत्तर: नाही हो, खरं नाहीये. हेडफोनने फक्त मॉड्यूलचा (किटचे साउंड काढणाऱ्या डब्याचा) आवाज तुमच्या कानापुरता राहतो, स्टिक पॅडवर आपटते ती आपटतेच. तुमच्या दोन किटमधलं मेशवालं घ्या, डोळे झाकून. रबरवर टकटक होते ती शेजारच्या खोलीत सहज जाते, मेशवर तीच बरीच मऊ होते आणि मनगटालाही बरं पडतं, फक्त खऱ्या ड्रमच्या हेडपेक्षा (वरच्या पडद्यापेक्षा) स्टिक जास्त उसळते त्याची सवय करावी लागते. साउंड कमी म्हणून अडून बसू नका, यूएसबीने किट कॉम्प्युटरला जोडलं की सॉफ्टवेअरमधले हवे तेवढे साउंड वाजवता येतात (सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधला बफर, म्हणजे वाजवण्याआधी आवाजाचा जेवढा तुकडा साठवला जातो तो, १२८ सॅम्पलच्या आसपास ठेवा, नाहीतर हात आधी आणि आवाज मागून). मेश किटमध्येही सिंबल (झांजा) बहुतेक रबरचेच असतात, म्हणजे खोलीत सगळ्यात जास्त टकटक त्यांचीच.

पण खरी भांडणं होतात ती किकवरून, म्हणजे पायाने वाजवायच्या ड्रमवरून. पायाचा दणका पेडलमधून स्टँडमध्ये, तिथून सरळ स्लॅबमध्ये उतरतो आणि खालच्यांचं छतच स्पीकरसारखं वाजायला लागतं, तुम्हाला वर काही जाणवतसुद्धा नाही. किटखाली गालिचा टाकला की झालं असं सगळे सांगतात, त्याने किट सरकत नाही एवढंच, कंपनं जवळपास तशीच खाली जातात. दोन उपाय आहेत. एक, कमी दणका देणारं ट्रिगर पेडल, रोलँडच्या केटी-१० सारखं, त्यात ट्रिगर (दणका ओळखणारा सेन्सर) पेडलमध्येच असतो, वेगळा किक पॅड लागत नाही. दुसरा म्हणजे टेनिस बॉलचा प्लॅटफॉर्म, दोन जाड प्लायवूड, खालच्याला बॉलपेक्षा थोडी लहान गोल भोकं पाडून त्यात बॉल बसवायचे आणि वरचा प्लाय नुसता त्यांच्यावर टेकवायचा. दोन प्लाय कुठेही एकमेकांना किंवा भिंतीला चिकटता कामा नयेत, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. वरचा प्लाय जड असेल तेवढं चांगलं, आणि स्टूलही त्यावरच ठेवा. हायहॅटचं, म्हणजे पायाने उघडझाप करायच्या सिंबलच्या जोडीचं पेडल लोक विसरतात, पाय आपटायची सवय असेल तर तेही खाली जातंच.

पैसे घालायच्या आधी एक करा, घरातल्या कुणालातरी खालच्यांकडे बसवा, आधी नुसती किक वाजवा, मग नुसता स्नेअर (स्टिकने वाजवायचा मुख्य ड्रम) आणि सिंबल, फोनवर विचारत राहा. दणका किकचाच असेल तर मॉड्यूल बिड्यूल सोडा, आधी पेडल किंवा प्लॅटफॉर्म.

हेडफोन कान पूर्ण झाकणारा, बंद पाठीचा घ्या. उघड्या पाठीच्यात पॅडची टकटक कानात येते, मग ती झाकायला आपण आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक, त्याच्या वर गेलं की तास भराभर कमी होतात. आणि टोकं फुटलेल्या लाकडी स्टिक मेशवर वापरू नका, जाळी फाटते.