नवीन मोबाईल बँकिंग चालू केलंयस ना भावा, एवढं आधी बघ

घाबरून ॲप काढून टाकू नकोस, लय सोयीचं आहे ते. सुरुवातीला फक्त दोन-तीन गोष्टी पक्क्या कर, बाकीचं हळूहळू कळतंय.

आमच्या मामांना सकाळी डेअरीत दूध घालताना फोन आला, एका हातात किटली, पलीकडचा माणूस अगदी गोड मराठीत, "काका केवायसी संपलीय, रात्री खातं बंद होणार", आणि व्हॉट्सॲपवर बँकेचा लोगो लावलेली एपीके फाईल (म्हणजे फोनमध्ये ॲप टाकायची फाईल), मामांनी ती फोनमध्ये टाकली आणि ओटीपी परस्पर त्या चोराकडं जायला लागले. म्हणून फोनवर कुणी घाई लावली की पहिलं फोन ठेवायचा, उद्धट वाटलं तरी चालेल, खरी बँक त्यावर रुसत नाही. मग डेबिट कार्डाच्या मागं छापलेल्या नंबरवर आपण स्वतः लावायचा नाहीतर सरळ शाखेत जायचं.

नवीन लोक हमखास चुकतात ते असं:
- कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधतात, तिथं खोटे नंबर पेरलेले असतात
- पैसे "यायला" यूपीआय पिन टाकतात. पिन पैसे जाताना लागतो, येताना कधीच नाही!
- "मदतीला" म्हणून स्क्रीन शेअर करतात

आणि चुकून काही झालंच तर लाजत बसू नकोस, त्याच मिनिटाला 1930 (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन) लाव आणि बँकेला सांगून खातं ब्लॉक कर, मामा दुपारपर्यंत घरात कुणाला बोललेच नाहीत, तेवढ्यात पैसे पुढं गेले.