गिनीपिगचं अंथरूण आणि कोरड्या आठवड्याचा हिशेब

प्रश्न: आमच्याकडे दोन गिनीपिग आहेत, दोघंही वर्षाच्या आतले. पिंजऱ्यात कागदी बेडिंग घालतो, आठवड्याला एक पिशवी संपते. आता धुऊन परत वापरता येणारे फ्लीसचे, म्हणजे मऊ लोकरीसारख्या कापडाचे, दोन सेट घ्यावेत असं वाटतंय. त्यांची किंमत २० पिशव्यांइतकी आहे, म्हणजे २० आठवड्यांत पैसे वसूल. नवरा म्हणतो, लाकडाचा भुसा निम्म्या भावात मिळतो, तोच घे. शिवाय दुकानदार वर्षाच्या ५२ पिशव्या एकदम उचलल्या तर २० टक्के सूट देतोय. काय करू?

उत्तर: ताई, आधी एक गंमत बघा. फ्लीस घेतलं तर ५२ पिशव्या लागणार नाहीत, आणि ५२ पिशव्या उचलल्या तर फ्लीसचे पैसे वर्षभर वसूल होणार नाहीत. तुम्ही दोन बचती मांडल्या आहेत, पण त्या एकमेकींना खातात. त्यामुळे निर्णय एकच घ्यायचा आहे, आणि तो लांबचा आहे. गिनीपिग साधारण ५ ते ८ वर्षं जगतो. मुलांच्या हौसेचा खर्च म्हणून याकडे बघू नका, घरातल्या पुढच्या काही वर्षांच्या नेमानं येणाऱ्या बिलासारखं बघा.

तुमचा २० आठवड्यांचा हिशेब मी परत केला. पिशवीची किंमत १ धरू. दोन सेटचे झाले २०. पण फ्लीस दर तीन-चार दिवसांनी धुवावं लागतं, म्हणजे आठवड्याला दोन धुण्या. पाणी, वीज, साबण आणि मशीनची झीज मिळून एका धुण्याला पिशवीचा पाचवा हिस्सा जातो असं समजा. आठवड्याचे झाले ०.४. म्हणजे आठवड्याला वाचतात ०.६, आणि २० वसूल व्हायला लागतात सुमारे ३३ आठवडे. आठ महिने म्हणा. तरीही सौदा वाईट नाही. सेट दोन वर्षं टिकले तर दोन वर्षांचा खर्च येतो ६२ च्या आसपास, पिशव्यांचा येतो १०४. पाचवा हिस्सा हा माझा अंदाज आहे. तुमच्या घरचा आकडा घालून बघा, उत्तर बदलेल.

या हिशेबात एक ओळ अजून कोरी आहे. वर्षाला १०४ धुण्या, आणि प्रत्येक धुण्याआधी फ्लीस झाडायचं, त्यात रुतलेलं गवत उपटायचं, केस ब्रशने काढायचे. हे अर्ध्या तासाचं काम धरलं तर वर्षाचे ५२ तास झाले. ते तास कोणाचे? तुमच्या पत्रात याचा उल्लेख नाही, आणि माझ्या मते सगळा निर्णय इथेच अडलेला आहे. माझ्या भाचीकडे हाच प्रकार झाला. पहिला महिना हौसेने झाडझूड चालली, मग फ्लीस तसंच मशीनमध्ये जायला लागलं. तिसऱ्या महिन्यात मशीन पाणी सोडेना. फिल्टर उघडला तर आत गवत आणि केसांचा ओला बोळा, मुठीएवढा. दुरुस्तीच्या बिलात पुष्कळ पिशव्या आल्या असत्या. घेतलंच फ्लीस, तर चेन असलेली धुण्याची मोठी जाळीची पिशवी आधी घ्या.

फ्लीसबद्दल आणखी एक गोष्ट, जी पाकिटावर क्वचितच छापलेली असते. नवं फ्लीस पाणी शोषत नाही, लघवी वरच थेंबाथेंबाने उभी राहते. गरम पाण्यात दोन-तीनदा धुतल्यावर ती खाली झिरपायला लागते, आणि खाली टॉवेलसारखा शोषणारा थर असावाच लागतो. कपडे मऊ करणारं द्रावण वापरलं की झिरपणं परत बंद. नुसतं फ्लीस स्वस्तात मिळालं म्हणून आणलं आणि खाली काहीच घातलं नाही, तर प्राणी ओल्यातच बसणार.

ओल्यात बसण्याचा खर्च मात्र खरा मोठा. पायाच्या तळव्यांना जखमा होतात, लघवीतून निघणाऱ्या अमोनियाने श्वासाचे विकार जडतात. आपल्याला उभ्याने वास येत नाही, पण त्यांचं नाक जमिनीपासून दोन बोटांवर असतं. म्हणून मी कुठल्याही बेडिंगचा भाव ‘एका कोरड्या आठवड्याला किती’ असा काढतो. तपासायला सोपी युक्ती आहे. पिंजरा साफ करून तीन दिवस झाले की सुकं गवत ठेवता त्या कोपऱ्यात टिश्यू पेपर पसरा, वर तळहात ठेवून दहा अंक मोजेपर्यंत दाबा. टिश्यू ओला झाला तर ते बेडिंग तुमच्या पिंजऱ्यात तीन दिवसही चालत नाही, पिशवीवर काहीही लिहिलेलं असो. मग गुडघ्यावर बसून नाक पिंजऱ्याच्या तळाशी न्या.

आता नवऱ्याच्या भुशाचं. निम्मा भाव खरा, पण तो दुप्पट वेळा बदलावा लागला तर हिशेब जिथल्या तिथे. बारीक भुशाची धूळ नाकात आणि डोळ्यांत जाते, तो नकोच. रंध्याखालून निघणाऱ्या कुरळ्या साली बऱ्या, पण लाकूड कोणतं ते विचारायला हवं. देवदाराच्या जातीच्या सुवासिक लाकडातली तेलं त्यांच्या श्वासाला आणि यकृताला त्रास देतात. आपल्याला तो वास छान वाटतो एवढंच. चिडाचं लाकूड भट्टीत वाळवलेलं असेल तरच विचार करा. दुकानदाराला लाकडाचं नाव सांगता आलं नाही, तर तो माल माझ्या लेखी महाग. मांजरांसाठीची गोळा होणारी वाळू आणि मक्याच्या कणसाचं बेडिंग यांच्यावर वेळ घालवू नका: पहिली पोटात गेली तर फुगते, दुसऱ्याला बुरशी लागते.

२० टक्के सुटीबद्दल मी तुम्हाला सरसकट नाही म्हणणार नाही. वर्षभर हमखास लागणारी वस्तू पाचव्या हिश्श्याने स्वस्त मिळत असेल, तर तेवढा परतावा कुठली सुरक्षित ठेव देत नाही. पण ‘हमखास’ हा शब्द महत्त्वाचा. तुम्ही स्वतःच पर्याय शोधताय, मग मागणी हमखास कशी? आणि ५२ पिशव्या कोरड्या जागी ठेवायला खोलीचा एक कोपरा जाईल. दमट हवेत कागद ओल धरतो. बारा पिशव्यांवर दहा टक्के मिळतात का विचारा. दुकानदार बहुतेक मानेल, त्यालाही माल हलवायचाच असतो.

मी तुमच्या जागी असतो तर सेट आत्ता घेतले नसते. घरात एखादं जुनं फ्लीसचं पांघरूण आणि दोन जुने टॉवेल असतीलच. ते पिंजऱ्यात पसरा, आणि गवत ठेवता त्या कोपऱ्यात एक उथळ ट्रे ठेवून त्यात कागदी बेडिंग घाला. गिनीपिग मांजरासारखे शिकत नाहीत, पण खाता खाता तिथेच लेंड्या टाकण्याची आणि लघवी करण्याची त्यांना सवय असते, त्यामुळे बरीचशी घाण ट्रेमध्येच पडते. ट्रे दोन दिवसांनी बदलायचा, पांघरुणावरच्या लेंड्या रोज झाडून घ्यायच्या. जमलं तर धुणं आठवड्यातून एकदाच आणि पिशवी तीन आठवडे पुरेल. म्हणजे आठवड्याला ०.५३, फ्लीसच्या धुण्याच्या ०.४ पेक्षा थोडं जास्त, पण हातातले २० शिल्लक आणि तास निम्मे.

सहा आठवडे हे करा. कोणी किती वेळा झाडलं ते पिंजऱ्याजवळ कागद लावून टिपा. पाचव्या आठवड्यातही खुणा नेमाने पडत असतील तर सेट खुशाल घ्या, तेही एक एक करून. खुणा तिसऱ्या आठवड्यात थांबल्या तर कागदी पिशव्यांवर परत जा. तुमच्या घरासाठी तेच स्वस्त.

वाचलेले २० मात्र वेगळे ठेवा, दुसऱ्या कशात घालू नका. गिनीपिग आजार लपवतात, आणि खाणं थांबलं की त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. छोट्या प्राण्यांची माहिती असलेलाच डॉक्टर लागतो, कारण पेनिसिलिन गटातली तोंडाने द्यायची औषधंही त्यांना जिवघेणी ठरू शकतात. असा डॉक्टर कुठे आहे ते आजच बघून ठेवा आणि त्याची तपासणी फी विचारून घ्या. निदान तेवढे पैसे लगेच काढता येतील अशा खात्यात हवेत.

ताजा कलम: वापरलेलं कागदी बेडिंग आणि लेंड्या खताच्या खड्ड्यात चालतात. ट्रेवरचा पांढरा खडूसारखा थर हा लघवीतला कॅल्शियम असतो. तो घासत बसू नका, व्हिनेगर ओतून दहा मिनिटं थांबा.