आधी भरपाई, मग मेंढा

प्रिय पोरी,

तुझा तक्ता मिळाला. निवासमंडपाच्या, म्हणजे इस्राएलाच्या त्या उपासनेच्या तंबूच्या, पडद्यांचे रंग, फळ्या, खुंट्या, प्रत्येकापुढे एक 'आध्यात्मिक अर्थ', आणि चार ठिकाणी नुसतं प्रश्नचिन्ह. खाली लिहिलंयस, "बायबलातलं लेवीयचं पुस्तक वाचताना काहीच जाणवत नाही, माझ्यातच काही कमी आहे का?"

कमी तक्त्यात आहे. असले तक्ते मी तीस वर्षं काढले. निळा म्हणजे स्वर्ग, जांभळा म्हणजे राजा, किरमिजी म्हणजे रक्त. निर्गमाच्या पुस्तकात रंग दिलेत, हे अर्थ दिलेले नाहीत. ते आम्ही चिकटवले. ऐकणारे खूश व्हायचे, म्हणून मीही खूश.

रंग राहू दे. लेवीयचा सहावा अध्याय उघड. शेजाऱ्याची ठेव दाबली, त्याला लुबाडलं, सापडलेली वस्तू 'माझ्याकडे नाही' म्हणून खोटी शपथ वाहिली, तर काय करायचं? मूळ वस्तू पुरी परत, वर पाचवा हिस्सा, आणि ज्याची त्याच्या हातात. त्यानंतरच्या वचनात याजकाकडे दोषार्पणाचा, म्हणजे अपराधाच्या क्षमेसाठी वाहायचा, मेंढा. अपराध परमेश्वराविरुद्धचा म्हटलाय, तरी पैसे शेजाऱ्याला! आधी भरपाई, मग मेंढा. यामागे आणखी कुठला गूढ अर्थ हुडकतेस? अर्थ समोरच आहे, फक्त महाग आहे.

डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो, अर्पण वेदीपुढे तसंच ठेव, आधी भावाशी समेट कर. तोच क्रम. मेंढ्यात ख्रिस्त दिसतो, हे मी नाकारत नाही. यशया संदेष्ट्याच्या 53 व्या अध्यायात देवाच्या सेवकाच्या जिवाला दोषार्पणच म्हटलंय. पण मेंढ्याकडे धावताना आधीचं भरपाईचं वचन गाळलंस तर मी रागावेन. मी गाळलं होतं.

वडिलांच्या विहिरीवरची मोटर मी विकली. भावाचा वाटा चार हजार. 'देतो' म्हणत सात वर्षं ठेवला. त्या सात वर्षांत याच अध्यायावर दोनदा उपदेश केला, आणि तो तिसऱ्या बाकावर बसून ऐकत होता. मेंढ्याच्या निर्दोषपणावर मी वीस मिनिटं बोललो. लोक म्हणाले, छान झालं. भाऊ काही बोलला नाही. मुलीची फी होती, घराचं छप्पर गळत होतं, आणि मोटर दुरुस्त करायचा खर्चही माझाच झाला होता, तो कुणी धरत नाही. असो. चार हजार शेवटी दिले. पाचव्या हिश्शाचे वरचे आठशे दिले नाहीत. तो 'राहू दे' म्हणाला आणि मी लगेच ऐकलं. इतर बाबतींत मी त्याचं इतक्या पटकन कधी ऐकलेलं नाही.

आता म्हणशील, ज्याच्याकडे काहीच नाही त्यानं काय करायचं? अगं, मागचं पान उलट. पापार्पणाला, म्हणजे पापाच्या क्षमेसाठीच्या अर्पणाला, कोकरू परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिले. तेही नसेल तर एफा या धान्याच्या मापाचा दहावा हिस्सा सपीठ, म्हणजे दोनेक लिटर. त्यावर तेल घालू नये, धूप ठेवू नये. रक्ताचा थेंब नाही, तरी क्षमा पुरी. बाळ येशूला मंदिरात नेलं तेव्हा मरीयेच्या शुद्धीकरणासाठीही पाखरांचंच अर्पण होतं. बाळंतिणीच्या नियमातली ती गरिबाची सोय. वेदीपाशी गरिबाला सूट मिळते. शेजाऱ्याच्या पाचव्या हिश्शाला मात्र मला कुठे सूट सापडली नाही, आणि मी बरीच शोधली, विश्वास ठेव.

रविवारी तरुण संघात तक्ता लावू नकोस. सहाव्या अध्यायातली पहिली सात वचनं मोठ्यानं वाच आणि थोडा वेळ गप्प बस. कुणी लगेच मेंढ्याबद्दल बोलू लागलं तर पाचवं वचन पुन्हा वाचायला लाव. माझे आठशे सांगितलेस तरी चालेल. भावाचं नाव मात्र घेऊ नकोस, त्याला विचारलेलं नाही.

तुझा काका