फायनल इयर प्रोजेक्टला मळी द्या

सर, शेवटच्या वर्षाच्या पोरांना प्लांट डिझाइनच्या प्रोजेक्टला काय द्यावं, तर थेट इन्सुलिन-बिन्सुलिन देऊ नका. सांगलीत आहात, मळीपासून, म्हणजे साखर काढल्यावर उरणाऱ्या काळ्या पाकापासून, इथेनॉल द्या. कित्येकांच्या घरचा ऊस कारखान्याला जातोच.

आधी सॉफ्टवेअर बंद, मटेरियल बॅलन्स (किती माल आत, किती बाहेर) हाताने. १ किलो ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ०.५१ किलो इथेनॉल. उत्तर त्याहून मोठं आलं की वही परत. मग उष्णता. यीस्टला साधारण ३०-३४ अंश मानवतात, पण आंबताना टाकी स्वतःच तापते. एप्रिलच्या दुपारी कूलिंग टॉवरचं पाणीच तिशीच्या आसपास, मग गार कशाने करणार? इथे त्यांना भरपूर घाम गाळू द्या. टाकीचं आकारमान काय, कुणीही काढतं.

आणि स्पेंट वॉश, म्हणजे अल्कोहोल काढल्यावर उरणारं सांडपाणी, विसरू देऊ नका. लिटरभर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर निघतो, तो कृष्णेत सोडता येत नाही. त्यापासून मिळणाऱ्या बायोगॅसचा हिशेब त्याच अहवालात मागा.