भिंतीतलं भोक आधी, रंग नंतर

प्रश्न : मी मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका कारखान्यात मेंटेनन्स सुपरवायझर आहे. एमसीसी रूममधून (मोटरींचे कंट्रोल पॅनल असतात त्या खोलीतून) शॉपमध्ये जाणारे केबल ट्रे जुने आहेत आणि साध्या पीव्हीसी केबलींनी गच्च भरलेत. विम्याचे साहेब पाहणी करून गेल्यापासून मालक म्हणतात, सगळ्या ट्रेंवर आगरोधक रंग मारून घ्या. भिंतीतल्या भोकांत कॉन्ट्रॅक्टरने पिवळा फोम भरून दिलाय. एवढ्यावर भागेल का? – एक वाचक, बडोदा

उत्तर : नाही भागणार. रंगाचं नंतर बोलू, आधी तो फोम काढा.

दुकानात डब्यात मिळणारा पिवळा फोम बहुतेक वेळा साधा पॉलियुरेथेन असतो, आणि तो पेटतो. अमेरिकेत अलाबामातल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात 22 मार्च 1975 ला नेमकं हेच झालं. केबली जातात त्या भोकांतून हवा गळते का, हे कामगार मेणबत्तीची ज्योत धरून बघत होते. ज्योत ओढली गेली, फोमने पेट घेतला आणि आग भिंतीपलीकडच्या ट्रेंत शिरली. सुमारे सात तास ती जळत होती, सोळाशेंहून जास्त केबली निकामी झाल्या. कार्बन डायऑक्साइड आणि पावडर मारून ती आटोक्यात येईना, कारण जुडग्याच्या पोटातली धग तशीच राहते आणि पुन्हा पेट घेते. विजेच्या भीतीने पाणी मारायला उशीर केला, आणि शेवटी पाण्यानेच विझली.

एवढ्या लांबचं कशाला, माझंच सांगतो. 1998 च्या मे महिन्यात, मी नोकरीला होतो त्या कारखान्यात नव्या कॉम्प्रेसरसाठी दोन केबली ओढल्या. त्यासाठी भिंतीतलं सील फोडलं, आणि काम संपल्यावर हेल्परने तिथे गोणपाट कोंबलं. "चालशे, काका," म्हणाला. शिफ्ट माझी होती, पुन्हा जाऊन बघायचं काम माझं होतं. मी बघितलं नाही. तीन आठवड्यांनी वरच्या प्लॅटफॉर्मवरच्या वेल्डिंगची ठिणगी ट्रेमधल्या तेलकट धुळीत पडली. आग तशी लहान होती, वीस मिनिटांत विझवली. पण धूर त्या भोकातून एमसीसी रूममध्ये गेला होता. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो आणि हवेतला ओलावा मिळाला की त्याचं आम्ल होतं. जिथे ज्वाळ पोचलीच नव्हती, त्या पॅनलमधल्या बसबार (वीज वाहून नेणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या) हिरव्या पडल्या. पुढचा अख्खा पावसाळा कॉन्टॅक्टर आणि रिले (मोटरी चालू-बंद करणारे स्विच) एकेक करून दगा देत होते. जळालेल्या केबली चार दिवसांत बदलल्या, धुराने केलेलं नुकसान दिवाळीपर्यंत निस्तरत होतो. म्हणून भोकाबद्दल मी इतका हट्ट धरतो.

कायम बंद राहणार असलेल्या भोकाला आगरोधक मॉर्टर किंवा बोर्ड वापरा. जिथे दर सहा महिन्यांनी नवी केबल येते, तिथे आगरोधक उशा रचा. त्या काढता येतात, परत दाबून बसवता येतात. माल घेताना किती तासांच्या आगीला टिकल्याचं चाचणीचं प्रमाणपत्र आहे, ते मागा. आणि एक वही ठेवा : भोक कुणी उघडलं, कुणी बंद केलं, कुणी तपासलं. भोकं नीट बंद राहिली की उंदरांचाही थोडाफार बंदोबस्त होतो.

आता ट्रे. जुन्या ट्रेमधल्या कितीतरी केबली मेलेल्या असतात. मोटर भंगारात गेली, केबल तशीच पडून राहिली. ते नुसतं सरपण आहे. शटडाऊन घेऊन, दोन्ही टोकं तपासून, ओढून काढा. ट्रे हलका झाला की उरलेल्या केबलींना हवा लागते. पीव्हीसी केबलीतल्या तारेने नेहमीच्या चालीत 70 अंशांच्या वर जाऊ नये, आणि थरावर थर रचले की मधल्या केबलीची उष्णता बाहेर पडायला वाटच राहत नाही. पूर्ण लोडवर थर्मल कॅमेऱ्याने एक फेरी मारा. टर्मिनलवरचे लग (केबलीच्या टोकाला बसवलेले धातूचे जोड) सैल सापडले तर त्याच आठवड्यात घट्ट करून घ्या.

यानंतर रंग. तो वाईट नाही. आधी धूळ, तेल पुसून, कंपनीने सांगितलेल्या जाडीचा थर द्या. पैसे कमी असतील तर सगळीकडे पातळ हात फिरवू नका. भिंतीच्या दोन्ही बाजूंना मीटर-दीड मीटर आणि उभ्या ट्रेंवर नीट मारा. उभ्या ट्रेत जाळ चुलीसारखा वर चढतो, म्हणून ते आधी.

पण मालकांना एक स्पष्ट सांगा. रंगाने आग पसरायला वेळ लागतो, केबल आगीत चालू राहत नाही. फायर पंप आणि आणीबाणीच्या दिव्यांसाठी अभ्रकाची पट्टी असलेली फायर सर्व्हायव्हल केबल वेगळ्या मार्गाने न्या. एफआरएलएस (फ्लेम रिटार्डंट लो स्मोक) केबल म्हणजे ती नव्हे. एफआरएलएस आग कमी पसरवते, धूर कमी करते, एवढंच. खरेदी विभाग या दोन्हींत नेहमी गल्लत करतो.

सुरुवात येत्या रविवारच्या शटडाऊनला करा. एमसीसी रूममधले दिवे मालवून तुम्ही आत उभे राहा, जोडीदाराला पलीकडून भिंतीवर टॉर्च फिरवायला सांगा. मेणबत्ती नको, टॉर्चच. जिथून उजेड आत येईल तिथे खडूने गोल करा आणि नंबर टाका. फोम भरलेल्या भोकांतून उजेड दिसणार नाही, त्यांनाही गोल करा. किती निघाले ते मला कळवा.