फोन आला होता की लावला होता?

प्रश्न: उद्यमबागेत आमची फौंड्री आहे, ऑफिसात ईपीएबीएक्स (सगळ्या टेबलांचे फोन बाहेरच्या लाइनींना जोडणारं मशीन), चार लाइनी. कोल्हापूरची एक पार्टी म्हणते मंगळवारी तुमच्याकडनंच फोन आला आणि रेट सांगितला, इकडं कोणच लावला म्हणत नाही, आणि बोर्डावर मी बसते म्हणून बोलणी मला. आलेला-गेलेला फोन ओळखायचा कसा? आलेला नंबरपण कधी दिसतो, कधी नाही.
— एक वाचक, बेळगाव

उत्तर: ताई, सोय बहुतेक तुमच्या मशीनमध्येच असणार, कुणी चालू केलेली नसते एवढंच. एसएमडीआर म्हणतात तिला, काहीजण सीडीआर म्हणतात. कॉल संपला की मशीन एक ओळ बाहेर टाकतं, तारीख, वेळ, एक्स्टेंशन म्हणजे आतल्या फोनचा नंबर, कुठली लाइन, नंबर, किती वेळ. फोन तुमच्याकडनं गेला असेल तर ०२३१ पासनं लावलेला अख्खा नंबर आणि ज्या टेबलावरनं लावला ते एक्स्टेंशन दिसतं, आलेला असेल तर इनकमिंगची खूण असते, पॅनासोनिकच्या बऱ्याच मशीनवर आय हे अक्षर येतं. ही ओळ सिरीयल पोर्टातनं नाहीतर लॅन केबलनं कॉम्प्युटरवर घ्यायची. मशीनची स्वतःची मेमरी छोटी, जुन्या ओळी पुसल्या जातात, म्हणून मंगळवारचं हवं असेल तर एएमसीवाल्याला, म्हणजे मशीनच्या देखभालीचं कंत्राट ज्याच्याकडं आहे त्याला, आजच बोलवा, आणि आधी मशीनचं घड्याळ बघा, तेच चुकलेलं असलं तर पार्टीची वेळ आणि तुमची वेळ जुळणारच नाही.

आता एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा, कारण यात बिचाऱ्या पोरांवर उगाच आळ येतो. साध्या तांब्याच्या लाइनवर समोरच्यानं फोन उचलला हे मशीनला बहुतेक कळतच नाही, नंबर लावून झाला की ते वेळ मोजायला लागतं. म्हणजे रेकॉर्डात चाळीस सेकंद दिसले म्हणून बोलणं झालं असं नाही, नुसती रिंगच वाजत असेल. पाच-सात मिनिटं दिसली तर मात्र विचारायला हरकत नाही. पीआरआय किंवा सिप या डिजिटल लाइनवर उचलल्याची खूण येते, तिथं हा घोळ नाही.

नंबर कधी दिसतो कधी नाही त्याचं कारण साधं आहे. एफएसके पद्धतीनं येणारा नंबर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधे येतो, तुम्ही पहिल्याच रिंगला उचललं की तो येणार कुठनं? दोन रिंग होऊ द्या. तरीपण एखाद्या लाइनवर कधीच दिसत नसेल तर त्या लाइनवर सीएलआयपी, म्हणजे आलेला नंबर दाखवायची सोय, चालू आहे का ते फोन कंपनीला विचारा, आणि मशीनच्या त्या पोर्टाला तो नंबर वाचणारं सीएलआय कार्ड आहे का ते टेक्निशियनला.

आणि एकाच टेबलावरनं चौघं फोन लावत असतील तर एक्स्टेंशन कळूनपण माणूस कळत नाही बघा. त्याला अकाउंट कोड लावून घ्या, ज्याचा त्याचा कोड दाबल्याशिवाय बाहेरची लाइनच मिळणार नाही. रेकॉर्ड ठेवतोय हे मालकांनी सगळ्यांना आधी सांगावं, गुपचूप नको.