इम्प्लांटवर ‘सीई’ छाप आहे, मग निश्चिंत राहावं का?

तुमचा प्रश्न असा: स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर बहिणीला सिलिकॉन इम्प्लांट सुचवलंय, त्यावर युरोपचा ‘सीई’ छाप (माल तिथल्या नियमांत बसतो अशी खूण) आहे, मग डोळे झाकून हो म्हणावं का? मी डॉक्टर नाही. वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यांत क्वालिटीचं काम करतो, म्हणून फक्त छापाबद्दल बोलतो. छाप हवाच, पण डोळे झाकू नका.

फ्रान्सच्या पीआयपी कंपनीच्या इम्प्लांटवरही तो छाप होता. ला सेन-सुर-मेर इथला कारखाना, मालक झां-क्लोद मास. आत भरलेलं सिलिकॉन कागदोपत्री मान्यताप्राप्त वैद्यकीय जेल. प्रत्यक्षात २००१ पासून बऱ्याच मालात स्वस्त औद्योगिक सिलिकॉन. छापासाठीची तपासणी जर्मनीची ट्युव राइनलांड ही तपासणी संस्था करायची, पण आधी कळवून. पाहुणे यायच्या आत नको ते डबे हलवले जात. (मी पूर्वी जिथे होतो तिथे ऑडिटच्या आदल्या दिवशी फरशी अशी चकाकायची की लक्ष्मीपूजनच आहे असं वाटावं. म्हणून हे ऐकून नवल नाही वाटलं.)

खरं तर हे पकडायला प्रयोगशाळाही लागली नसती. मान्य जेल किती विकत घेतलं आणि इम्प्लांट किती बाहेर गेले, हा ताळा बिलांवरून घातला असता तरी पुरे होतं. पण बिलं तपासलीच पाहिजेत असं नियमात नव्हतं. २०१७ मध्ये युरोपच्या न्यायालयानेही तशी सरसकट सक्ती नव्हती असंच म्हटलं. शेवटी इम्प्लांट फुटल्याच्या तक्रारी वाढल्या, मार्च २०१० मध्ये फ्रान्सचे सरकारी निरीक्षक पोहोचले, आणि बाहेरच्या भिंतीपाशी टाकलेले औद्योगिक सिलिकॉनचे डबे त्यांना दिसले. तोवर जगभरात सुमारे तीन लाख बायकांच्या शरीरात हा माल गेला होता. २०१३ मध्ये मासला चार वर्षांची शिक्षा झाली. युरोपच्या नव्या नियमांत न कळवता तपासणी सक्तीची आहे, ती या प्रकरणातून शिकूनच.

आता बहिणीचं. इम्प्लांटचा पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खरखरीत, हे आधी विचारा. लिम्फोमाच्या (रोगप्रतिकारक पेशींच्या कर्करोगाच्या) एका दुर्मीळ प्रकाराचा संबंध मुख्यतः खरखरीत इम्प्लांटशी आढळलाय. अलर्गन कंपनीचे तसे इम्प्लांट २०१९ मध्ये जगभरातून परत मागवले गेले. आपल्याकडे आयातीला केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेचा परवाना लागतो, तो आहे का तेही विचारा. इम्प्लांट जन्मभर टिकत नाही. अमेरिकेची औषधं-उपकरणं नियंत्रण संस्था एफडीए सांगते की काही त्रास नसला तरी पाच-सहा वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा, पुढे दर दोन-तीन वर्षांनी.

आणि पाकिटावरचं लॉट नंबर, सिरियल नंबर असलेलं स्टिकर डिस्चार्जच्या फाइलमध्ये चिकटवून घ्या, मोबाइलमध्ये त्याचा फोटोही ठेवा. उद्या कुठला लॉट परत मागवला तर तो आपला आहे की नाही, हे त्यावरूनच कळेल.